पोट आलेली भिंत

१

खजूर पिवळा पडू लागला की दरवर्षी घराच्या भिंती लिंपायला काढायच्या. बाहेरून पुरुषांनी, आतून बायकांनी. वाळल्या नदीच्या काठची माती, त्यात गव्हाचा भुसा आणि पाणी. थापी नाही, ओळंबा नाही, नुसता उघडा तळवा. तूदा या घरात सून म्हणून आली त्याला सहा वर्षं झाली होती. कुठं उंचवटा आहे, कुठं खळगा आहे, कुठं मागच्या कुणा बाईची बोटं उमटलेली आहेत, सगळं तिच्या हाताला पाठ होतं.

यंदा घमेली उचलायचं काम खाल्तीकडे होतं. खाल्ती म्हणजे तिची सासू रक्कूश. नात्यानं तूदाच्या आईची थोरली बहीण, म्हणून लग्नानंतरही तूदा तिला खाल्ती, म्हणजे मावशीच म्हणायची.

"राणीसाहेब, माती आणली," खाल्तीनं घमेलं आदळलं. "आता तळवा तरी फिरवाल, की त्यालाही डॉक्टरीण नको म्हणाली?"

"डॉक्टरीण ओझं नको म्हणाली खाल्ती. तोंड चालवायला चालेल म्हणाली."

खाल्ती हसली नाही, पण पदराआड तिचा ओठ हलला.

खालच्या खोलीत तूदानं ओला हात भिंतीवर ठेवला आणि सरकवला. हीच घरातली सगळ्यांत गार जागा. दुपारी ती आणि तिची चार वर्षांची तिलीला याच भिंतीला लागून चटईवर पडायच्या. हात सरकत गेला, आणि मध्येच भिंत पुढे आली.

फार नाही. नुकत्याच गाभण राहिलेल्या गाईच्या पोटाइतकी. मागच्या वर्षी ती तिथं नव्हती, हे तूदा शपथेवर सांगू शकली असती. आणि भिंत कोमट होती. ओल्या मातीखालीसुद्धा कोमट, नुकतंच कुणी टेकून उठावं तशी.

"खाल्ती, भिंतीला पोट आलंय."

खाल्तीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मोठ्यानं बोलू नये असलं. बाजूबाजूनं माती भर, सपाट होईल."

या गावात असंच करत. भिंतीचं पोट कुणी कापत नसे. भोवतीच्या खळग्यात माती भरून भरून अख्खी भिंत पोटाच्या बरोबरीला आणायची, की झालं. डोळ्याला काही दिसत नाही. खाल्तीनं स्वतः येऊन भरली. तिचे हात भराभर चालले, आणि ज्या जागी पोट होतं त्या जागेला मात्र ते एकदाही लागले नाहीत.

२

तूदाच्या पोटातलं कळलं ते वसंतात, आरोग्याची गाडी गावात आली तेव्हा. बायका रांगेत बसल्या होत्या. तूदा गेली होती मूतखडा असेल म्हणून. डॉक्टरीण घिझ्लान तिच्या पोटावर थंडगार मलम लावून यंत्र फिरवत होती. फिरवता फिरवता तिचा हात थांबला. मग तिनं तेच परत पाहिलं, आणि परत.

"तूदा, तुझी आई आहे?"

"नाही. मी नऊ वर्षांची होते तेव्हा गेली. भाकरी थापत होती. पाठीत कळ आली म्हणाली, आणि पिठावरच आडवी झाली. एकतीस वर्षांची होती."

"काय झालं होतं म्हणून सांगितलं?"

"नजर लागली म्हणाले."

डॉक्टरणीनं खुर्ची जवळ ओढली. काळजातून निघून पोटात उतरते ती रक्ताची सगळ्यांत मोठी नळी, तिनं बोटानं तूदाच्या पोटावर रेघ ओढून दाखवली. त्या नळीची भिंत एका जागी पातळ पडली आहे. आतून रक्ताचा धक्का दर ठोक्याला बसतोच आहे, म्हणून तिथं ती फुगली आहे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. फुटली तर मात्र दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ उरत नाही.

"आत्ता चव्वेचाळीस मिलिमीटर आहे. म्हाताऱ्या माणसाला मी थोडं थांबायला सांगितलं असतं. तुझं वय आणि तुझ्या आईचं जाणं बघता मी पंचेचाळीसच्या पुढं थांबणार नाही. मराकेशला ये. फुगलेला भाग उघडून आत कापडाची नळी शिवतात. मोठं काम आहे, पण होतं. तोवर गोळी घे, जड उचलू नकोस, कुंथू नकोस." मग तिनं दाराशी खेळणाऱ्या तिलीलाकडे पाहिलं. "आणि हिलाही घेऊन ये. असलं आईकडून लेकीकडे जातं. घरात आणखी कुणी असं अचानक गेलंय?"

"फक्त आई," तूदा म्हणाली. तिला तेवढंच माहीत होतं.

घरी खाल्तीनं ऐकून घेतलं आणि चहा ओतत म्हणाली, "दिसत नाही ते चाळवू नये. चांगली चालतेस, बोलतेस, भाकरी भाजतेस. पोट फाडून घेतलेली बाई उठून बसल्याचं मी तरी पाहिलं नाही." हम्मू, तूदाचा नवरा, अगादीरला टोमॅटोच्या कारखान्यात होता. तो फोनवर म्हणाला, "आई म्हणते तर थांबू ना थोडं. मोसम संपला की बघू."

मोसम संपला. दुसरा लागला. तूदा थांबली होती.

३

लिंपून आठवडा झाला असेल. दुपारी सगळं गाव झोपलेलं. कोंबड्याही भिंतीच्या सावलीत पंख पसरून पडलेल्या. तूदा चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिला आवाज आला.

दब. दब. दब.

ती हसली. डॉक्टरीण म्हणालीच होती, निजल्यावर पोटातला ठोका जाणवेल म्हणून. तिनं मनगटावर बोटं ठेवली. ठोक्याला ठोका जुळला. म्हणजे आपलाच. खुळी कुठली.

खात्री असावी म्हणून ती उठून वरच्या खोलीत जाऊन पडली. तिथं काहीच ऐकू आलं नाही. पोट तेच, कान तेच.

असेल, तिनं मनाशी म्हटलं. तिथली भिंत पोकळ असेल, आवाज घुमत असेल. पलीकडे कुणी काही कुटत असेल. पण पलीकडे कुणी राहत नव्हतं. ती गावाच्या तटाचीच भिंत होती, दोन हात जाड. तिच्यामागे उतार, नदीचं कोरडं पात्र आणि ऊन.

दुसऱ्या दिवशी ती गवंडी ऐयादला बोलावून घेऊन आली. मालम ऐयाद, सत्तरीचा, एक डोळा अधू. मालम म्हणजे उस्ताद. त्यानं काठीनं भिंत टकटक वाजवत नेली. एका जागी काठी थांबली.

"हिचं पोट कुणी झाकलं?"

"मी झाकलं," खाल्ती दारातून म्हणाली. "तुझ्या बापानंच शिकवलं माझ्या सासूला."

"माझा बाप माती खाऊन मेला, रक्कूशबाई. भिंतीखाली." त्यानं वरून दोरीला दगड बांधून सोडला आणि मूळ भिंतीपासून बोटं मोजली. "चार बोटं बाहेर आहे. आतली माती सुटलीय, वरचं वजन तिच्यावर बसलंय. तू वरून लिंपतेस म्हणजे आणखी वजन घालतेस. हिला आतून उघडायची, सुटलेलं काढायचं, नवं भरायचं."

"माझ्या घरात फोडाफोडी नको."

"नको तर नको. चारची पाच झाली की मला बोलवू नका. पळा." तो तूदाकडे वळला. "चहा तरी देशील का पोरी, की तोही झाकून ठेवलाय?"

चहा पिताना त्याचा मोकळा तळवा भिंतीवर टेकला होता. मध्येच त्यानं तो काढून घेतला, झग्याला पुसला आणि अर्धा पेला तसाच ठेवून उठला. जाताना तूदाला एवढंच म्हणाला, "पोरीला इथं निजवत जाऊ नकोस."

४

पण तिलीला दुसरीकडे निजेना. वरच्या खोलीत तासभर कूस बदलत राहायची, आणि तूदाचा डोळा लागला की गुपचूप खाली जायची. तूदाला ती नेहमी तिथंच सापडायची, गाल भिंतीला टेकलेला, तोंड उघडं, गाढ.

एका दुपारी तूदा वरून कपडे गोळा करून खाली आली. जिना उभा आहे. आपण पळत उतरलो हे तिच्या उशिरा लक्षात आलं. छाती धडधडत होती. पोटातही धडधडत होतं. ती भीतीनं भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली आणि श्वास मोजू लागली.

तिच्या तळव्याखाली भिंत ठोके देत होती.

तिचे ठोके पळत होते. भिंतीचे पळत नव्हते. हलके, बारीक, शांत. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं. जुळेना. परत मोजलं. जुळेना. म्हणजे हे तिचं नव्हतं. मग त्या दिवशी कसं जुळलं होतं? त्या दिवशी ती स्वस्थ पडली होती, म्हणून फरक कळला नसेल. सातवी शिकलेली बाई होती ती, कुठं चुकलं ते शोधत बसली.

मग तिनं पायाशी पाहिलं. तिलीला झोपली होती. तूदानं वाकून तिच्या मानेवर, कानाखाली, दोन बोटं ठेवली. दुसरा हात भिंतीवर.

एक आणि एक. दोन आणि दोन.

तिनं वीस मोजले. विसाव्याला लेकीनं झोपेत उसासा टाकला, ठोका जरा रेंगाळला. भिंतीचाही रेंगाळला.

तूदानं तिला ओढून बाजूला केलं. तिलीला रडत उठली. "इम्मा, का उठवलंस? ती मोजत होती ना."

"कोण मोजत होती?"

"आतली," तिलीला डोळे चोळत म्हणाली, कोंबडीबद्दल बोलावं तितक्या सहज.

५

पोरं काहीही बोलतात. तूदा स्वतःला दिवसभर हेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उजेडात तिनं तिलीलाला अंगणात कोंबडीच्या मागे सोडलं आणि आपण खालच्या खोलीत जाऊन तळवा टेकला.

तिलीला पळाली. भिंत पळाली.

"थांब गं!" तूदा ओरडली. तिलीला थांबली, खिदळत, धापा टाकत. भिंत थांबली नाही. आणखी तीन ठोके ती तशीच जोरात पळाली आणि मग मंदावली. कुणी शेवटचे तीन स्वतःकडे ठेवून घ्यावेत तशी.

मालमनं सोडलेली दोरी अजून लटकत होती. तूदानं बोटं लावली. चार, आणि नखभर.

मागे खाल्ती उभी होती. हातात मातीचं भांडं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," तूदा म्हणाली.

"हो बाजूला. लिंपू दे."

"खाल्ती, तुम्हाला ऐकू येतं!"

खाल्तीनं माती हातात घेतली, पण हात वर गेला नाही. "माझ्या दोघी इथंच निजायच्या," ती म्हणाली.

"कोण दोघी?"

हम्मू एकुलता एक. गावात, लग्नात, मयतीत कधी कुणाच्या तोंडून तूदानं दुसरं ऐकलं नव्हतं.

"एक खेळता खेळता गेली. दुसरी त्याच थंडीत. तापल्या नाहीत, खोकल्या नाहीत. मी माती लावली आणि तोंड मिटलं. परत कुणाचं नाव काढलं नाही, ही भिंत कधी उघडू दिली नाही, म्हणून हम्मू राहिला. कळलं? म्हणून राहिला! आणि तू आता दोरी लावून मोजतेस. दवाखान्यात जाऊन मोजतेस. ज्याला मोजतात तो जातो."

"मोजलं नव्हतं तरी त्या दोघी गेल्याच ना, खाल्ती?"

खाल्तीच्या हातातली माती जमिनीवर पडली. ती भांडं तिथंच ठेवून अंगणात जाऊन बसली, उन्हात, डोक्यावर पदरही न घेता.

६

तूदानं कुदळ घेतली नाही. कुदळ जड असते आणि तिला जगायचं होतं. तिनं भट्टीतले निखारे ओढायची लोखंडी सळई आणली आणि भिंतीसमोर मांडी घालून बसली.

"ऐक," ती भिंतीला म्हणाली. ती मोठ्यानं बोलली. "मी भित्री आहे. सगळं गाव जाणतं. लेक शिंकली तरी मी रडते. पण तुला झाकणार नाही मी. तुझ्या आत काय आहे ते मी बघणार."

तिनं घाव घातला नाही. सळईची धार मातीत घालून, भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसा पहिला थर सोडवला. तो तिच्याच हातचा, यंदाचा. त्याखाली तिचेच मागच्या वर्षांचे. त्याखाली खाल्तीचा, तिच्या मोडलेल्या करंगळीचा ठसा तूदानं ओळखला. त्याखाली अनोळखी हात. थर सुटून मांडीवर पडत होते.

कितवा तरी थर पूर्ण निघाला. त्यावरही तळवे उमटले होते, पण लहान. दोन वेगवेगळ्या मापांचे. तूदानं बोट फिरवलं आणि तिचं बोट थबकलं. लिंपणाऱ्याचा ठसा आत दबलेला असतो. हे ठसे बाहेर आलेले होते.

मातीचंच काही असेल, तिनं विचार केला. ओल आली असेल, माती फुगली असेल. विचार करता करता तिची सळई पुढे जातच होती.

मग सळईला काही लागेना.

भोक मुठीएवढं. आतून कोमट हवा आली, कणकेसारख्या वासाची. तूदानं दारातलं ऊन आत जावं म्हणून डोकं बाजूला केलं आणि डोळा लावला.

आत दोन हात जाडीची भिंत असायला हवी होती. आत जागा होती. तिला सगळी दिसली नाही. ओलसर, गोल, वर जात अंधारात मिसळलेली जागा, मंद पुढे येणारी आणि मागे जाणारी. आणि त्यात एक बाई, इकडे पाठ करून, पलीकडची बाजू लिंपत होती. तळवा सरकवायची, थांबायची, कान लावायची. पुन्हा सरकवायची. पाठीवरची वेणी तूदाच्या ओळखीची होती. नऊ वर्षांची असताना ती वेणी धरून ती झोपायची.

बाईचा हात थांबला.

तूदानं डोळा काढला नाही. "वळ," ती म्हणाली. "वळून बघ. तुझ्यासारखी मी पिठात पडणार नाही, आणि माझ्या लेकीला तुझ्यासारखं नऊ वर्षांची असताना टाकून जाणार नाही. वळ!"

बाईची मान हलू लागली.

"इम्मा!" दारातून तिलीलानं हाक मारली.

त्या हाकेला दोघी वळल्या. तूदानं काय पाहिलं, ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणे की हाक ऐकून त्या तोंडाला आनंद झाला होता.

तूदा उठली. तिनं सोळा किलोची पोर कडेवर उचलली आणि अंगणात आली. पोटात काहीतरी ताणल्यासारखं झालं. तिनं दात आवळले. मागे माती सुटण्याचा आवाज येत होता, आधी वाळूसारखा, मग गहू ओतावा तसा.

खाल्ती अंगणाचं दार अडवून उभी होती.

"बाजूला व्हा, खाल्ती. आज मी कुणाचं ऐकणार नाही."

"डॉक्टरीण ओझं नको म्हणाली होती ना?" खाल्ती म्हणाली. "दे इकडे."

तिनं तिलीलाला आपल्या कडेवर घेतलं, अनवाणीच, आणि भर उन्हात बसच्या रस्त्याकडे तूदाच्या पुढे चालू लागली. दोघींपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. तिलीलाचं तोंड मात्र मागे होतं. बराच वेळ ती कुणाला तरी हात हलवत होती. शेवटी खाल्तीनं तिचा हात धरून खाली केला.

७

मराकेशच्या दवाखान्यात तूदाचं सत्तेचाळीस निघालं. डॉक्टरीण घिझ्लान म्हणाली, "कशी आलीस तू इथवर?" तूदा म्हणाली, "बसनं."

मग तिलीलाला टेबलावर निजवलं. मलमानं ती खिदळली. यंत्र फिरलं, थांबलं, परत फिरलं. खाल्तीनं तोंड फिरवून घेतलं. तूदानं फिरवलं नाही. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी धडधडत होतं आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"इथं किंचित रुंद आहे," डॉक्टरीण शेवटी म्हणाली. "किंचितच. आज काही करायचं नाही. पण दर सहा महिन्यांनी आणायची, न चुकता."

"आणीन."

"दर सहा महिन्यांनी. नवरा काही म्हणो, घरचे काही म्हणोत."

"मी आणीन म्हटलं ना."

डॉक्टरणीनं कागद पुढे ओढला. "घरात आणखी कुणी असं अचानक गेलंय? मागच्या वेळी आईच सांगितली होतीस."

तूदा बोलायच्या आत मागून मोठ्यानं आवाज आला. "लिहा. हिची आई, माझी धाकटी बहीण. आणि इज्जा, माझी लेक, सात वर्षांची. यामना, माझी लेक, पाच." खाल्ती उठून टेबलाशी आली होती. "नीट लिहा. यामना. कुणी कधी लिहिली नाही तिला."

डॉक्टरीण लिहीत राहिली. मग शस्त्रक्रियेचा कागद आला. तूदानं सही केली, सातवीतली, गोल, प्रत्येक अक्षर सुटं. नर्स तिलीलाला बाहेर न्यायला आली, कारण पोरांना वॉर्डात ठेवत नसत.

"तिला इथंच राहू दे," तूदा म्हणाली.

"नियम आहे बाई. आणि आईला तसं बघून घाबरेल ती."

"घाबरू दे. मीही घाबरलेय." तूदा पलंगावर चढली, पाय लांब केले आणि लेकीचा हात आपल्या पोटावर ठेवला, जिथं ठोका लागत होता तिथंच. "उघडलेली बाई उठून बसते, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. ही बघणार आहे."